सरहद्दीवरील विद्यारंभ

आपल्या समाजात वर्षारंभ एकच नाही. गृहस्थाचे वर्ष चैत्री पाडव्यास उजाडते, व्यापाऱ्याचे बलिप्रतिपदेस, सरकारी खजिन्याचे एप्रिलच्या पहिल्या तारखेस आणि कुणब्याचे मृगाच्या पहिल्या सरीबरोबर. विद्यार्थ्याचे वर्षही याच मृगाच्या सरीबरोबर सुरू होते. ज्या पंधरवड्यात शेतकऱ्यास बी-भरणासाठी पैसा लागतो, त्याच पंधरवड्यात मुलाच्या फीस, पुस्तकांस आणि परगावच्या खोलीस पैसा लागतो. ज्या आठवड्यात पेरणीस घरातील प्रत्येक हात हवा असतो, त्याच आठवड्यात घरातील सर्वांत उपयोगी हात दप्तर घेऊन चालू लागतो. धाकट्या मुलांच्या बाबतीत ही ओढाताण जाणवत नाही, कारण त्यांची शाळा गावातच असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वरच्या वर्गात जाऊ लागला, म्हणजे मात्र त्याचे शिक्षण हा घरच्या हिशेबाचा प्रश्न होऊन बसतो. हा प्रश्न आजचा नव्हे. त्यास इतिहास आहे, आणि तो इतिहास राजधान्यांपेक्षा सरहद्दीवरील एखाद्या गावी उभे राहून पाहिला असता अधिक स्पष्ट दिसतो.

असे एक गाव म्हणजे तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर, जवळजवळ मध्यावर ते वसले आहे. दोन्हीकडे वीस-पंचवीस किलोमीटरांची वाट. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास भवानीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून अनवाणी निघालेला यात्रेकरूंचा लोंढा येथूनच जातो. हल्ली या गावाचे नाव मोटारीने जाणाऱ्यांस मुख्यत्वे टोलनाक्यामुळे ठाऊक असते. नाका ही वस्तू या टापूस नवी नाही. १९४८ पर्यंत सोलापूर हा मुंबई इलाख्याचा जिल्हा होता आणि तुळजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. एकाच बोलीची, एकाच देवीची आणि परस्परांत सोयरिकी असलेली माणसे या रेषेच्या दोन्ही अंगांस राहत. परंतु मालाची गाडी रेषा ओलांडू लागली की करोडगिरीचा नाका आडवा येई.

ही रेषा केवळ जकातीची नव्हती. तिच्या दोन बाजूंस नाणे निराळे होते. संस्थानात हाली शिक्का चाले, इलाख्यात कळदार रुपया. आणि शंभर कळदार रुपयांस सुमारे एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. तुळजापूर तालुक्यातील बापाने सोलापुरात मुलाची फी भरावयाची, तर प्रत्येक सहा रुपयांसाठी त्यास सात रुपये गाठीचे सोडावे लागत. कालगणनाही निराळी. निजामी दप्तरात फसली सन चाले; त्याचा आरंभ ऑक्टोबरात, आजूर महिन्याने होई. सोलापूरच्या शाळेच्या पटावर जो दिवस जून १९४० चा म्हणून लिहिला जाई, तोच दिवस तुळजापूरच्या कचेरीत १३४९ फसलीच्या अमरदाद महिन्यात पडे. पाऊस दोन्हीकडे एकाच ढगाचा, परंतु वर्षे दोन! अशा गावच्या मुलाचा विद्यारंभ कोठे व्हावयाचा, हे पंचांगावरून ठरत नसे. तो कोणत्या दिशेस चालू लागला यावरून ठरत असे.

ही रेषा अनादि होती असे मात्र कोणी समजू नये. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्या काळी नळदुर्गास डेप्युटी कमिशनर म्हणून आलेला अधिकारी म्हणजे ‘ठगाची जबानी’ लिहिणारा कर्नल मेडोज टेलर. सात वर्षे तुळजापूरचा हा प्रदेश इंग्रजी अंमलात होता. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली, म्हणजे नेमक्या याच काळात. पुढे १८६० साली रायचूर आणि नळदुर्ग निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. इतिहासात जर-तरला स्थान नाही हे खरे. तथापि एकाच तहाने दिलेल्या दोन मराठी प्रदेशांची पुढील शंभर वर्षांतील वाटचाल ताडून पाहण्याजोगी आहे. वऱ्हाडात अमरावती, अकोला येथे वरिष्ठ शाळा उभ्या राहिल्या आणि १९२३ साली शेजारच्या नागपुरात विद्यापीठही निघाले. नळदुर्गच्या मुलखास स्वतःचे विद्यापीठ म्हणता येईल असे काही मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. १९३१ च्या खानेसुमारीत सबंध हैदराबाद संस्थानात साक्षरांचे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास होते. ज्या समाजात शंभरांतील पंच्याण्णव माणसांस अक्षरओळख नाही, तेथे मॅट्रिकच्या पुढील विद्यार्थी किती असणार, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

निजामाने शिक्षणासाठी काहीच केले नाही, असे लिहिणे मात्र अन्यायाचे होईल. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हा हिंदुस्थानच्या शिक्षणेतिहासातील एक धाडसी प्रयोग होता. सबंध देशात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालले असता, येथे शास्त्र, वैद्यक आणि कायदा हे विषय एका देशी भाषेतून शिकविण्याचा उपक्रम झाला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले, शेकडो ग्रंथ उतरविण्यात आले, परिभाषा घडविण्यात आली. परभाषेतून मिळालेले ज्ञान अंगी मुरत नाही, हे तत्त्व आपल्याकडील अनेक विचारवंत ज्या काळी केवळ व्याख्यानांत मांडीत होते, त्या काळी ते तेथे अमलात आले. दोष तत्त्वात नव्हता. दोष होता ‘देशी भाषा कोणाची?’ हा प्रश्न न विचारण्यात. संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, दहावा-अकरावा हिस्सा कानडी. आणि ज्या उर्दूस हे सिंहासन मिळाले, ती घरी बोलणारांचे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास. तहतानिया, म्हणजे प्राथमिक शाळेत मुलगा आपल्या भाषेत चार बुके शिके. वस्तानियात पाऊल टाकले की गणित, इतिहास, भूगोल हे सारे उर्दूतून. आणि फोकानियात, म्हणजे हायस्कुलात, तर दुसरी भाषाच नाही. ज्या मुलाने ‘क्षेत्रफळ’ हा शब्द नुकता कोठे पचविला, त्यास ‘रकबा’ शिकावयाचा, तोही उजवीकडून डावीकडे लिहून. जे शिकले ते उत्तम शिकले. मराठवाड्यातील त्या पिढीचे वकील आणि शिक्षक उर्दू शायरीची गोडी जन्मभर जपत असत. परंतु हे चाळणीतून उरलेल्यांचे झाले. चाळणीतून खाली पडलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

म्हणून सोलापूरची वाट. परंतु येथेही एक विसंगती नोंदविली पाहिजे. सरहद्द ओलांडून आलेल्या मुलास सोलापुरात मातृभाषेची शाळा लाभे, असे नव्हे. इलाख्यातील हायस्कुलांच्या वरच्या वर्गांत दीर्घकाळ इंग्रजीचेच राज्य होते. मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा पुढे हळूहळू मिळत गेली. तामलवाडीच्या मुलापुढे खरी निवड होती ती उर्दू आणि इंग्रजी अशा दोन परभाषांमधली. तथापि सोलापुरात शाळेबाहेरचे सारे जग मराठी होते: वर्तमानपत्र मराठी, व्याख्यान मराठी, वाचनालय मराठी, मेळ्याचे पद मराठी. वर्गातील चार भिंती परक्या असल्या तरी खिडकी आपल्या अंगणात उघडत होती. विद्यार्थ्याचे मन घडते ते केवळ तासांवर नव्हे. तास संपल्यावर तो कोणत्या भाषेत भांडतो आणि कोणत्या भाषेत स्वप्ने पाहतो यावरही ते घडत असते.

ही वाट सोपी नव्हती. मुलगा गावाहून रोज येऊन-जाऊन शिकेल, हे त्या काळी शक्यच नव्हते. नातलगाचे घर, जातीचे वसतिगृह, वार लावून जेवण किंवा माधुकरी, एवढेच मार्ग. यांतील पहिल्या मार्गास शहरात सोयरा हवा, शेवटल्या दोहोंस जन्म ठरावीक घरात हवा. राहता राहिले वसतिगृह. सरहद्दीलगतच्या बार्शी गावी कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. अशा वसतिगृहांनी जे कार्य केले, त्याची थोरवी शाळांपेक्षा तिळमात्र कमी नाही. पाटी-पुस्तक देणारे पुष्कळ असतात. परंतु कुणब्याच्या मुलास दोन वेळची भाकरी आणि अंथरूण टाकण्यापुरती जागा ज्याने दिली, त्यानेच त्याचे शाळेचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू केले. मॅट्रिकच्या पुढची अडचण तर याहून बिकट होती. आज आपण ज्यास अकरावी-बारावी म्हणतो, ते शिक्षण तेव्हा ‘इंटर’च्या नावाने महाविद्यालयात मिळे, आणि त्यासाठी पुणे, सांगली, औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले ते १९४० साली. त्यानंतरच हा उंबरठा या टापूतील मुलास एका दिवसाच्या चालीत आला.

सरहद्द ओलांडणारे सारेच शिकण्यासाठी ओलांडीत नव्हते. काहींनी ती शिकविण्यासाठी उलट दिशेने ओलांडली. सध्याच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. असहकाराचे ते दिवस. लोकमान्यांच्या निधनास फार काळ लोटला नव्हता. निजामी मुलखातील एका आडगावी सरकारी मदतीवाचून मराठीतून शिकविणारी शाळा चालविणे म्हणजे त्या काळी राजकारणच होते, मग तेथे राजकारणाचा शब्द न का उच्चारला जावो! या शाळेत पुढे मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर. सोलापुरात शाळा शिकलेला, ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत राबलेला हा तरुण पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने मराठवाड्यास वंद्य झाला. त्यांच्यासमवेत बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी होते. कालांतराने ही मंडळी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेली आणि तेथे त्यांनी शाळेचे काम उभारले. संस्थानातील स्वातंत्र्याच्या लढ्याचा नेता मुळात शाळामास्तर होता, हा योगायोग नव्हे. जेथे सभेस परवानगी लागते आणि वर्तमानपत्रास थारा नसतो, तेथे माणसे एकत्र येण्याची जागा वर्ग हीच असते.

या गोष्टीची प्रचीती १९३८ साली आली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थी हटले नाहीत. परिणामी शेकडो मुलांस विद्यालयांतून काढून टाकण्यात आले. वर्षाच्या मध्यावर, हाती दाखला नाही, पुढे परीक्षा नाही, अशा अवस्थेत ही मुले निघाली. त्यांस दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने; तेव्हा टी. जे. केदार हे तेथील कुलगुरू होते. या विद्यार्थ्यांपैकी पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. १८५३ च्या एका तहाने जोडलेल्या आणि १८६० च्या दुसऱ्या तहाने तोडलेल्या दोन प्रदेशांची येथे पुन्हा गाठ पडली. जे वऱ्हाड-नागपुराकडे राहिले, ते मराठवाड्याच्या मुलांच्या ऐन अडचणीस कामी आले.

यानंतरचा कालखंड शब्दांत मांडणे कठीण आहे. १९४७ च्या ऑगस्टात संस्थानी काँग्रेसचा लढा सुरू झाला आणि विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सरहद्दीच्या अलीकडील गावांतून कित्येक कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आश्रयास गेली. आजवर एकटा मुलगा पुस्तके घेऊन ज्या वाटेने जाई, त्या वाटेने आता घरेच्या घरे गाड्यांतून जाऊ लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या. त्याच दिवशी नळदुर्गचा पूल हाती आला, तुळजापुरास काही तास चकमक होऊन ते ठाणेही पडले. आणि १७ सप्टेंबरास निजामाने शरणागती पत्करली. रेषा पुसली गेली. परंतु प्रामाणिक इतिहासकारास येथेच थांबता येत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नंतर जी पाहणी केली, तीत मुसलमान प्रजेवर सर्वाधिक अनर्थ ओढवलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. एका घरच्या मुलाची शाळा पुन्हा सुरू झाली, त्याच हंगामात शेजारच्या घरच्या मुलाची कायमची सुटली. ज्या माध्यमाच्या जुलमाचे वर्णन वर केले, ते माध्यम ज्यांची मायबोली होती, त्या मुलांस आता आपली भाषा शाळेत शोधण्याची पाळी आली. न्याय पुरा व्हावयाचा तर हेही पान त्याच वहीत राहिले पाहिजे.

आणखी एक रेषा होती. ती नकाशावर नव्हती. सरहद्द ओलांडण्याची भाषा ज्यांच्याविषयी बोलावयाची, त्यांस निदान गावच्या शाळेचा उंबरठा तरी ओलांडता आलेला होता. अस्पृश्य मानलेल्या मुलास तो उंबरठाच सरहद्द होता. जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. मराठवाड्यातील शेकडो खेड्यांतून आलेल्या मुलांनी पहिल्या पिढीची पदवी येथे मिळविली. त्याच वर्षी नांदेडास स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १ मे १९६० पासून सोलापूर व तुळजापूर एकाच महाराष्ट्राचे झाले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा फरक पडला तो मात्र कोठारी आयोगाने पुरस्कारिलेल्या नव्या आकृतिबंधाने. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे वर्ग माध्यमिक शाळांस जोडून काढण्याची सोय झाली. जो वर्ग पूर्वी पुण्यास किंवा हैदराबादेस भरत असे, तो खेड्यातील हायस्कुलाच्या नव्या दोन खोल्यांत भरू लागला. या बदलाचे पोवाडे कोणी गायिले नाहीत. परंतु मुलींच्या शिक्षणास तर त्याचा फार मोठा आधार झाला. परगावी खोली करून राहण्यास ज्या मुलीला कोणी पाठविले नसते, ती मुलगी एस. टी. च्या मोफत पासावर बारावीपर्यंत जाऊ लागली.

आज रेषेचे काय उरले आहे? राज्य एक, नाणे एक, सन एक. तथापि जुन्या रेषा सहसा पुरत्या मरत नाहीत. त्या दप्तरांत जाऊन राहतात. तामलवाडीचा मुलगा तुळजापुराकडे गेला तर त्याची बारावी लातूर विभागीय मंडळाकडे आणि पुढे पदवी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. सोलापुराकडे गेला तर बारावी पुणे मंडळाकडे आणि पदवी २००४ साली निघालेल्या सोलापूरच्या विद्यापीठाकडे. ही सरहद्द आता कोणास रोखीत नाही हे खरे. २०२५ सालापासून सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाईन पद्धतीने होऊ लागले, आणि पसंतीक्रम भरताना नाका कोठेच लागत नाही. परंतु २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होतेच. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नाव बदलणे एका आदेशाचे काम आहे. शंभर वर्षांचा उशीर भरून काढण्यास पिढ्या लागतात.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे पावसाळ्याच्या तोंडी प्रवेशाच्या टेबलामागे बसून मुलांचे अर्ज घेतले आहेत. अर्जावरील नाव, गाव, गुण पाहून आपण मुलगा ओळखला असे आम्हा अध्यापकांस वाटते. परंतु ‘राहण्याची सोय’ या प्रश्नाशी मुलाचा आवाज जेव्हा खाली येतो आणि सोबत आलेला बाप धोतराच्या सोग्याने तोंड पुसू लागतो, तेव्हा खरा अर्ज वाचावयास मिळतो. गेल्या शतकाचा इतिहास आम्हांस एवढेच शिकवितो: वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे वर्ष घंटेने सुरू होत नाही. त्याला समजेल अशी भाषा, त्याच्या बापास झेपेल असा पैसा आणि रात्री पाठ टेकण्यास जागा, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे ते सुरू होते. मग तो महिना जून असो की अमरदाद. हिप्परग्याच्या मास्तरांनी, बार्शीच्या वसतिगृहवाल्यांनी, नागपूरच्या कुलगुरूंनी आपापल्या काळी या तिहींपैकी जे हाती होते ते दिले. सरहद्द पुसण्याचे कार्य फौजेने पाच दिवसांत केले. ती ओलांडून आलेल्या मुलास घरात घेण्याचे कार्य मात्र दर पावसाळ्यास नव्याने करावे लागते, आणि ते आमच्याआमच्यातच कोणीतरी करावयाचे असते.